परदेशी निघताना औषधाचा चमचा कोल्हापुरातच ठेवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनाने जर्मनीतील बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठवण्याचा करार केला आणि जर्मन भाषेच्या वर्गांची चर्चा सुरू झाली. आखाताची वाट आपल्या भागाला जुनीच आहे. इंग्लंड, कॅनडा, ऑस्ट्रेलियात शिकायला गेलेली पोरे तिकडे स्थिरावून बायकामुलांना बोलावून घेत आहेत. व्हिसा, पगार, भाषेची परीक्षा यांवर वर्तमानपत्रांतून भरपूर छापून येते. घरच्यांच्या रोजच्या तब्येतीबद्दल मात्र "थंडीचे कपडे घ्या" यापलीकडे कोणी काही सांगत नाही. आमचे म्हणणे एवढेच की, परक्या देशात कुटुंबाची तब्येत बिघडते ती बहुतेक वेळा इथल्या बिनधोक सवयींमुळे. तिथले घर वेगळे, ऊन वेगळे, मापे वेगळी, आणि सवयी तशाच. भाषेच्या वर्गांत यावर दोन तास ठेवले तरी पुष्कळ होईल. ते होईपर्यंत निदान या पत्राला जागा द्यावी.

आधी चमचा. लहान मुलाच्या तापाला आपण पॅरासिटामॉल देतो. मात्रा ठरते वजनावर : दर किलोला १० ते १५ मिलिग्रॅम, दोन मात्रांत चार ते सहा तास, चोवीस तासांत चारपेक्षा जास्त वेळा नाही. पण घरात मिलिग्रॅम कोण मोजतो? "एक झाकण" किंवा "पाच एमएल" एवढेच लक्षात असते. इथल्या बाटलीत ५ मिलिलिटरला बहुधा १२० किंवा १२५ मिलिग्रॅम औषध असते, मोठ्या मुलांच्या बाटलीत २५०. ब्रिटनमध्ये १२० आणि २५० च्या बाटल्या मिळतात. अमेरिकेत १६०, आणि तिथे नावही पॅरासिटामॉल नसून अ‍ॅसिटामिनोफेन. इथल्या तान्ह्या मुलांच्या ड्रॉप्समध्ये तर एका मिलिलिटरलाच १०० मिलिग्रॅम असतात. १० किलोच्या मुलाला १५० मिलिग्रॅम द्यायचे, तर १२५ च्या बाटलीतून ६ मिलिलिटर, अमेरिकी बाटलीतून पावणेपाच आणि ड्रॉप्समधून फक्त दीड मिलिलिटर. सामानात ड्रॉप्सची बाटली आणि डोक्यात "सहा एमएल" अशी गाठ पडली, की पोराच्या पोटात एका वेळी ६०० मिलिग्रॅम जातात. असे दोन-तीनदा झाले की यकृतावर बेतते. म्हणून जुने चमचे, झाकणे आणि ड्रॉपर इथेच ठेवावेत. तिथे घेतलेल्या बाटलीबरोबर येणारी सिरिंजच वापरावी आणि मुलाचे वजन महिन्या-दोन महिन्यांनी मोजून फ्रिजवर लिहून ठेवावे. जर्मनीत लहान मुलांना हेच औषध गुदद्वारातून द्यायच्या वडीच्या रूपात सर्रास देतात. ती वडी ठेवली आणि वरून सिरपही पाजले, तर मात्रा दुप्पट झाली.

मोठ्यांचीही अशीच गल्लत होते. आपण ६५० ची गोळी घेणारे लोक. तिकडे सर्दीसाठी गरम पाण्यात ढवळून प्यायच्या पुड्या मिळतात, त्यांतल्या बऱ्याच पुड्यांत पॅरासिटामॉल असतेच. दिवसाची हद्द ४ ग्रॅम, म्हणजे ६५० च्या सहा गोळ्या. त्यावर पुडी घ्यायची नाही.

डॉक्टरांची चिठ्ठी नेताना औषधाचे मूळ नाव लिहून घ्यावे. कंपनीचे नाव तिथल्या दुकानदाराला काही सांगत नाही. दम्याच्या पंपातले सालब्युटामॉल अमेरिकेत अल्ब्युटेरॉल होते. मधुमेहाच्या दोन-तीन औषधांच्या एकत्र गोळ्या आपल्याकडे सहज मिळतात, तिकडे अनेकदा मिळत नाहीत आणि औषधे सुटी लिहून घ्यावी लागतात. ताप-दुखण्यावरचे निमेसुलाइड अमेरिकेत व ब्रिटनमध्ये मिळतच नाही. तेव्हा जाण्याआधी महिनाभर डॉक्टरांना सांगून गोळ्या सुट्या करून घ्याव्यात, म्हणजे त्या मानवतात की नाही ते इथेच कळते.

अँटिबायोटिकचा प्रश्न जास्त कटकटीचा. "तिकडचे डॉक्टर काहीच देत नाहीत, नुसते पाणी प्या म्हणतात" ही तक्रार जवळपास प्रत्येक घरातून येते. विषाणूच्या सर्दी-तापाला अँटिबायोटिक लागत नाही, म्हणून ते देत नाहीत. इंजेक्शन आणि सलाइनच्या सवयीला हे पचत नाही. मग सुट्टीवरून परतणाऱ्या कोणाकडून तरी तीन गोळ्यांची पाकिटे मागवली जातात, दोन घेऊन बरे वाटले की तिसरी पुढच्या तापाला राखून ठेवली जाते. पुढे खरोखर न्यूमोनिया किंवा लघवीचा संसर्ग झाला, की तपासणीत जंतू सापडत नाही किंवा औषध लागू पडत नाही. इंग्लंडमध्ये जानेवारी २०२४ पासून कानदुखी, घसादुखी, स्त्रियांचा साधा मूत्रमार्गाचा संसर्ग, नागीण अशा सात तक्रारींवर औषधाच्या दुकानातला फार्मासिस्टच तपासून, गरज असल्यास, चिठ्ठीचे औषध देऊ शकतो. वय वगैरेच्या अटी आहेत, पण डॉक्टरांची वेळ मिळत नसेल तेव्हा आधी तिथे जावे. खाजेच्या मलमाचेही तेच. हिवाळ्यात हीटरच्या कोरड्या हवेने आणि कढत पाण्याच्या आंघोळीने कातडी तडकते व खाजते. त्यावर इथून नेलेले स्टेरॉइड मिसळलेले नायट्याचे मलम चोळले, तर कातडी पातळ होते आणि खरा नायटा असेल तर तो लपून पसरतो. आंघोळ कोमट पाण्याने, थोडक्यात, आणि अंग ओलसर असतानाच व्हॅसलिन.

आकड्यांचा घोळ टाळण्यासाठी ही चार गणिते वहीत टिपून ठेवावीत. ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलियात रक्तातली साखर मिलिमोलमध्ये सांगतात. त्याला १८ ने गुणले की आपला आकडा. तिकडची ७ म्हणजे इथली १२६, तिकडची १० म्हणजे १८०. जर्मनीत दोन्ही मापे भेटतात. फोनवर "आईंची साखर ९ आलीय" असे ऐकून इथून कोणी "लगेच साखर खायला द्या" सांगू नये. ती १६२ आहे. कोलेस्टेरॉलला ३८.७ ने गुणायचे. मूत्रपिंडाच्या तपासणीतल्या क्रिएटिनिनला मात्र भागायचे, ८८.४ ने. तीन महिन्यांच्या सरासरीची एचबीएवनसी ब्रिटनमध्ये टक्क्यांत देत नाहीत : आपले ६.५ टक्के म्हणजे तिथले ४८, ७ टक्के म्हणजे ५३. इथला ग्लुकोमीटर न्यायचा, तर त्याच्या पट्ट्या तिथे मिळतात का हे आधी पाहावे. नाहीतर नुसते यंत्र उरते.

आता सामान. पांढऱ्या रश्श्यातली आणि घरच्या कांदा-लसूण मसाल्यातली खसखस संयुक्त अरब अमिराती, सौदी अरेबिया आणि सिंगापूरमध्ये बंदी असलेली वस्तू आहे. मसाल्याच्या डब्यासाठी विमानतळावर अडकण्यापेक्षा तिकडे जाणाऱ्या मसाल्यात ती घालूच नये. कोडीन असलेली खोकल्याची औषधे, ट्रॅमाडॉल हे वेदनाशामक, झोपेच्या व चिंतेच्या गोळ्या अमिरातीत नेण्याआधी तिथल्या सरकारची ऑनलाइन परवानगी घ्यावी लागते. जपानमध्ये सर्दीच्या औषधातले स्यूडोएफेड्रिन १० टक्क्यांच्या वर असेल तर ते चालत नाही. युरोपीय संघात आणि ब्रिटनमध्ये भारतातून दूध-मांसाचे पदार्थ नेता येत नाहीत, त्यात साजूक तूप आणि पेढेही आले. इन्सुलिन नेहमी हातातल्या पिशवीत ठेवावे. खाली लगेजमध्ये ते गोठू शकते, आणि गोठलेले इन्सुलिन वितळले तरी निकामीच.

लसींचे कार्ड हा कागद पासपोर्टइतका जपावा. आपल्या सरकारी वेळापत्रकात गोवर-रुबेलाचा पहिला डोस नऊ महिने पूर्ण झाल्यावर आणि दुसरा १६ ते २४ महिन्यांत असतो. अमेरिका, कॅनडा आणि ब्रिटनमध्ये पहिल्या वाढदिवसाआधीचा डोस धरत नाहीत. म्हणजे "दोन्ही झालेत" असे आई-बाप ठामपणे सांगतात आणि शाळा म्हणते एकच झाला. शिवाय सरकारी लसीत गालगुंडाचा भाग नसतो आणि कांजिण्यांची लस आपल्या सरकारी यादीत नाही. अमेरिकेतल्या शाळा ही दोन्ही मागतात. जर्मनीत १ मार्च २०२० पासून गोवरसंरक्षण कायदा लागू आहे. दोन वर्षांवरील मुलाचे दोन डोस झाल्याचा पुरावा नसेल, तर पाळणाघरात घेत नाहीत, आणि दंड अडीच हजार युरोपर्यंत होऊ शकतो. प्राथमिक आरोग्य केंद्रातले पिवळे-गुलाबी कार्ड मराठीत, शाई पसरलेले, तारखा अर्धवट, असे असेल तर त्याच केंद्रातून किंवा बालरोगतज्ज्ञांकडून इंग्रजीत शिक्क्यासह प्रत घ्यावी. तारखेत महिना अक्षरांत लिहून घ्यावा. ०३/०५ चा अर्थ आपल्याला ३ मे, अमेरिकेला ५ मार्च. एवढ्याशा गोंधळाने दोन डोसांमधले अंतर कमी भरते आणि लस पुन्हा टोचावी लागते. कार्ड हरवलेच, तर घाबरू नये; लस पुन्हा दिल्याने बिघडत नाही, फक्त शाळाप्रवेश लांबतो.

क्षयाच्या तपासणीबद्दलही आधीच माहीत असलेले बरे. जन्मतः टोचलेल्या क्षयाच्या बीसीजी लसीमुळे हातावरची मॅन्टू चाचणी खोटी होकारार्थी येऊ शकते. अशा वेळी रक्ताची इग्रा चाचणी मागावी, तिच्यावर बीसीजीचा परिणाम होत नाही. ब्रिटनला सहा महिन्यांहून जास्त राहायला जाणाऱ्यांना मान्यताप्राप्त केंद्रात छातीचा एक्स-रे काढावा लागतो. त्यात जुना डाग दिसला तर थुंकीचे तीन नमुने आणि त्यांचे कल्चर (जंतू वाढतात का ते पाहणे), म्हणजे दोन महिने गेले. तिकीट काढण्याआधी ही तपासणी उरकावी.

घरावर जरा थांबतो, कारण इथे कोल्हापूरकरांची सगळ्यात जास्त फसगत होते. आपली घरे हवेशीर, खिडक्या-दारे उघडी. थंड देशातले घर मात्र हवाबंद डब्यासारखे. चार माणसांचा श्वास, आंघोळ, कुकरच्या शिट्ट्या आणि घरात वाळत घातलेले कपडे मिळून दिवसाला दहा लिटरच्या आसपास पाणी वाफ होऊन हवेत जाते. ती वाफ सगळ्यात गार भिंतीवर, म्हणजे बाहेरच्या कोपऱ्यात, कपाटामागे, पलंगाच्या डोक्याशी पाणी होऊन बसते आणि आठ-पंधरा दिवसांत तिथे काळी बुरशी धरते. मग मुलाचा खोकला जाता जात नाही, रात्री छाती वाजते, आणि दोष "तिकडच्या थंडीला" दिला जातो. वरून बिल वाचवायला हीटर बंद ठेवला, की भिंत आणखी गार पडते आणि ओल वाढते. उपाय स्वस्त आहे. पाच-सातशे रुपयांचे आर्द्रतामापक घरात ठेवावे. आकडा ४० ते ६० टक्क्यांमध्ये असावा. दिवसातून तीन-चार वेळा समोरासमोरच्या खिडक्या सताड उघडून पाच-दहा मिनिटांनी बंद कराव्यात. जर्मन लोक भाडेकरूला हे अक्षरशः शिकवतात, आणि त्यांचे बरोबर आहे. खिडकी दिवसभर तिरकी किलकिली ठेवणे सगळ्यात वाईट : हवा पुरेशी बदलत नाही आणि चौकटीभोवतीची भिंत गारठून तिथेच बुरशी येते. कपाट बाहेरच्या भिंतीपासून पाच सेंटिमीटर तरी पुढे ओढावे. बुरशीवर नुसता रंग मारू नये, ती खालून परत येते. जागा मोठी असेल तर घरमालकाला फोटोसह लेखी कळवावे.

स्वयंपाकघरात चिमणी असते म्हणून निर्धास्त राहू नये. भाड्याच्या फ्लॅटमधल्या पुष्कळ चिमण्या हवा बाहेर टाकत नाहीत. कोळशाच्या जाळीतून फिरवून परत घरातच सोडतात. वास थोडा कमी होतो, धूर आणि वाफ घरातच. संकेश्वरी मिरची भाजण्याचा कार्यक्रम अशा घरात करू नये. मसाला इथून दळूनच न्यावा.

शेगडीबद्दल तर स्पष्टच सांगायला हवे. बाळंतिणीला शेक आणि बाळाला धुरी द्यायला मदतीला गेलेली आजी कोळसे पेटवते. आपल्या जुन्या घरात कौलांतून, दारातून धूर निघून जायचा. बंद फ्लॅटमध्ये कोळशाचा कार्बन मोनॉक्साइड साचतो. त्याला रंग नाही, वास नाही. घरातल्या सगळ्यांचे एकदमच डोके दुखू लागले, मळमळू लागले, गरगरू लागले आणि ताप कोणालाच नाही, तर आधी सगळ्यांनी घराबाहेर पडावे आणि मग आणीबाणीचा फोन लावावा. शेक द्यायचाच तर गरम पाण्याच्या पिशवीने द्यावा. बाळगुटीबद्दलही तसेच. मध एक वर्षाच्या आत अजिबात चाटवू नये. त्यातल्या बोट्युलिझमच्या बीजाणूंनी तान्ह्या बाळाला लकव्यासारखा आजार होऊ शकतो. डोळ्यांत सुरमा नको, त्यात शिसे असते. भस्मे आणि रसायने घातलेली औषधे मुलांना देऊ नयेत. २००४ साली बोस्टनमध्ये दक्षिण आशियातून आलेल्या ७० आयुर्वेदिक उत्पादनांची तपासणी झाली, तेव्हा १४ मध्ये शिसे, पारा किंवा आर्सेनिक सापडले होते. अमेरिकेत मुलाच्या रक्तातले शिसे डेसिलिटरला ३.५ मायक्रोग्रॅमच्या वर गेले की चौकशी सुरू होते, आणि तेव्हा आजीच्या डबीपर्यंत सगळे पाहिले जाते. तिथे बाळंतिणीला चांगली मदतही असते हे मात्र माहीत नसते. जर्मनीत प्रशिक्षित सुईण बाळंतपणानंतर बारा आठवड्यांपर्यंत घरी येते आणि खर्च आरोग्य विमा भरतो. फक्त ती गरोदरपणाच्या पहिल्या तीन महिन्यांतच शोधून ठरवावी लागते. सातव्या महिन्यात फोन केला तर कोणी मोकळी नसते.

उन्हाचे गणित भूगोलाचे आहे. कोल्हापूर साधारण १६.७ अंश उत्तरेला, श्टुटगार्ट ४८.८ वर, लंडन ५१.५ वर. डिसेंबरात आपल्याकडे अकरा तास उजेड, लंडनला जेमतेम आठ. ऑक्टोबर ते मार्चच्या सुरुवातीपर्यंत तिथल्या उन्हात ड जीवनसत्त्व बनवणारे अतिनील किरण पुरेसे नसतात, आणि काचेतून येणारे ऊन तर बारा महिने निरुपयोगी. सावळ्या कातडीला ऊन जास्त वेळ लागते. म्हणून ब्रिटनमध्ये हिवाळ्यात सगळ्यांना आणि आपल्यासारख्या वर्णाच्या लोकांना वर्षभर रोज १० मायक्रोग्रॅम, म्हणजे ४०० युनिट, घ्यायला सांगतात. कमतरता झाली की मांड्या भरून येतात, जिना चढताना हात टेकावे लागतात, मुलांचे पाय वाकतात. इथून मात्र लोक ६०,००० युनिटची पाकिटे नेतात. ते आठवड्यातून एकदा, ठरावीक आठवडेच घ्यायचे औषध आहे. "रोज एक" असे समजून घेतले तर रक्तात कॅल्शियम चढते. उलट्या, बद्धकोष्ठता, मूतखडा असे ते प्रकरण वाढत जाते.

मिठाकडे कोणाचेच लक्ष नसते. भारतात २००६ पासून खाण्याचे मीठ आयोडीनयुक्तच विकावे लागते, म्हणून आयोडीनचा विचार करायची आपल्याला सवयच नाही. ब्रिटनमधले दुकानातले मीठ बहुतांशी साधे असते; तिथले लोक आयोडीन दुधातून आणि मासळीतून मिळवतात. जर्मनीत आयोडीनचे मीठ मिळते, पण डब्यावर ‘योडझाल्त्स’ लिहिलेले पाहून घ्यावे लागते. शाकाहारी घर, त्यात गुलाबी सैंधव आणि दुधाऐवजी ओट्सचे किंवा बदामाचे पेय, असे तिन्ही जमले की आयोडीन जवळजवळ बंद. गरोदर बाईच्या बाबतीत हे बाळाच्या मेंदूपर्यंत जाते. त्याच घरात बी-१२ ही घसरते, मधुमेहासाठी मेटफॉर्मिन घेणाऱ्यांचे आणखी. वनस्पतिजन्य पेय घ्यायचे तर डब्यावर आयोडीन, बी-१२ आणि कॅल्शियम घातल्याचे लिहिलेले असावे. गंगावेशीच्या कट्ट्यावर धारोष्ण दूध पिऊन वाढलेल्यांना तिकडे शेतावर मिळणाऱ्या कच्च्या दुधाचा मोह होतो. ते उकळल्याशिवाय पिऊ नये.

भाकरीची जागा पाव घेतो आणि रंकाळ्याच्या फेरीची जागा मोटार. आपल्या लोकांचे वजन तिथल्या तक्त्यात "नॉर्मल" दिसते, तरी आपल्यासाठी रेषा खाली आहे : बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) २३ पासून जपायचे. १६५ सेंटिमीटर उंचीला ते साधारण ६३ किलो. पुरुषाची कंबर ९० आणि बाईची ८० सेंटिमीटरच्या आत हवी. ज्वारीचे पीठ तिकडे जुने, कडवट आणि विरी गेलेले मिळते. थोडेच आणून फ्रीझरमध्ये ठेवावे आणि उकळत्या पाण्यात उकड काढून भाकरी करावी, म्हणजे थापताना मोडत नाही. रविवारी आठवड्याचा स्वयंपाक करून ठेवण्याची नवी चाल पडते, त्यात भाताने पोटे बिघडतात. शिजल्यावर भाताचे पातेले रात्रभर ओट्यावर राहिले तर त्यातले बीजाणू विष तयार करतात आणि ते फोडणी देऊनही जात नाही. भात पसरून तासाभरात फ्रिजमध्ये, फ्रिज ५ अंशांच्या खाली, आणि चोवीस तासांत संपवायचा. डाळ-उसळीला दोन दिवस चालतात.

दवाखान्यात मराठीचे शब्दशः इंग्रजी करण्याने होणारे घोटाळे वेगळेच. "गॅस झालाय" म्हणून छातीतली कळ सांगितली तर डॉक्टर पोट तपासत बसतात. छातीत दाब, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ, घाम, अशा नेमक्या शब्दांत सांगावे. "पित्त" आपल्याकडे दोन : घशाशी आंबट येते ते आणि अंगावर गांधी उठतात ते. "चक्कर" म्हणजे खोली गरगर फिरते का डोळ्यांपुढे अंधारी येते? "वीकनेस" म्हणजे नुसता थकवा, की एका हाताची शक्ती गेली? दुसरे असेल तर एक मिनिटही थांबायचे नाही. "कणकण" ऐवजी थर्मामीटरचा आकडा द्यावा. ३८ सेल्सिअस म्हणजे १००.४ फॅरनहाइट. इंग्लंडच्या सरकारी आरोग्यसेवेत दुभाषा मोफत मिळतो, वेळ घेतानाच मराठी दुभाषा मागावा. शाळकरी मुलाला आईच्या पाळीच्या तक्रारीसाठी दुभाषा म्हणून बसवू नये.

पोचल्यावर पहिल्या आठवड्यात फॅमिली डॉक्टरकडे नाव नोंदवावे, आजारी पडण्याची वाट पाहू नये. इंग्लंडमध्ये सल्ल्याला १११, जीवावर बेतले तर ९९९. जर्मनीत रात्री-बेरात्री ११६११७, आणीबाणीला ११२. जर्मनीच्या सरकारी विम्यात न कमावणारा जोडीदार आणि मुले जादा हप्त्याशिवाय येतात, पण त्यासाठी वेगळा अर्ज भरावा लागतो. आई-वडील त्यात येत नाहीत. अमेरिकेत नोकरीच्या विम्यात कुटुंबाला घालायला साधारण तीसच दिवस असतात. कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात पोचल्या महिन्याचे उरलेले दिवस आणि पुढचे दोन महिने सरकारी विमा लागूच होत नाही. तेवढा काळ खासगी विमा घ्यावा. दातांची कामे आणि जादा चष्मा इथेच उरकावा, तेही निघण्याच्या तीन महिने आधी, कारण रूट कॅनॉल आणि कॅप एका खेपेत होत नाहीत.

आई-वडिलांना बोलावताना विम्याचा कागद बारकाईने वाचावा. युरोपातल्या बहुतेक देशांत चालणाऱ्या शेंगेन व्हिसाला किमान ३०,००० युरोंचा, कॅनडाच्या सुपर व्हिसाला वर्षभराचा १ लाख डॉलरचा विमा लागतो. पण आधीपासूनचा रक्तदाब, मधुमेह, अँजिओप्लास्टी त्यातून वगळलेली असेल, तर तो कागद फक्त व्हिसापुरता. थंडीत रक्तदाब चढतो, तेव्हा मशीन सोबत द्यावे. बर्फावर चप्पल किंवा गुळगुळीत तळाचे बूट नकोत. खुब्याचे हाड मोडले की सहा महिन्यांचा मुक्काम अंथरुणात जातो.

आखातात थंडीऐवजी उन्हाचा प्रश्न. अमिरातीत १५ जून ते १५ सप्टेंबर दुपारी साडेबारा ते तीन उघड्यावर काम बंद असते, तरी पाण्याची आबाळ होऊन मूतखडे होतात. लघवी फिकट पिवळी राहील इतके पाणी प्यावे. आणि नवलाची गोष्ट म्हणजे दिवसभर एसीत राहिल्याने तिथेही ड जीवनसत्त्व कमी पडते.

नोकरी करणाऱ्याच्या जोडीदाराबद्दल दोन वाक्ये. इथे दाराशी शेजारीण, तिथे संध्याकाळी सहापर्यंत बोलायला कोणी नाही आणि चारला अंधार. दोन आठवड्यांहून जास्त झोप उडाली, भूक गेली, कशातच मन लागेना, तर तो लाडावलेपणा नसून आजार आहे, आणि तो फॅमिली डॉक्टरलाच सांगायचा असतो.

शेवटी मे महिन्याची सुट्टी. तिकडे वाढलेली मुले आजोळी येतात ती इथल्या पाण्याला अगदी नवखी होऊन. आई-बापांना लहानपणीच होऊन गेलेली हिपॅटायटिस ए ची कावीळ या मुलांना नव्याने होते. येण्याआधी तिची आणि विषमज्वराची लस निदान दोन-तीन आठवडे आधी घ्यावी. कावीळ ए चा दुसरा डोस सहा ते बारा महिन्यांनी असतो, तो लोक विसरतात. २०१२ साली इचलकरंजीत दूषित पाण्यातून हिपॅटायटिस ई ची मोठी साथ आली होती. गरोदर बाईला ही कावीळ जीवघेणी ठरू शकते, म्हणून पोटुशी लेक आली असेल तर पाणी खळखळून उकळलेलेच द्यावे, पाहुणचारातली सरबते आणि बर्फाचे गोळे टाळावेत. कुत्रे चावले किंवा नुसते ओरखडले तरी जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी लस सुरू करावी. परतीचे विमान डोसांच्या मध्येच असेल तर लसीचे नाव, तारखा आणि इम्युनोग्लोब्युलिन (जखमेभोवती टोचतात ते तयार प्रतिद्रव्य) दिले की नाही हे इंग्रजीत लिहून न्यावे. उरलेले डोस तिकडे पुरे करता येतात. आणि परत गेल्यावर तीन महिन्यांत केव्हाही ताप आला, तर तिथल्या डॉक्टरांना पहिले वाक्य "आम्ही अमुक तारखेला भारतातून आलो" हेच सांगावे. न सांगितले तर मलेरिया, डेंग्यू, विषमज्वर यांचा विचार तिथे सहसा कोणी करत नाही.

आपले,
एक फॅमिली डॉक्टर व एक फार्मासिस्ट,
कोल्हापूर